जोर लाव की, निंगप्पा

ताबीश शेखची मान दुखते, ही गोष्ट नई जिंदगी भागातल्या त्याच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. रस्त्यात भेटणारा माणूस "कसं काय?" विचारायच्या आधी "मान काय म्हणते?" असं विचारायचा. ताबीश मान न वळवता सगळं अंगच त्याच्याकडं वळवायचा आणि म्हणायचा, "हाय तशीच."

एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो चादरींची आणि टॉवेलांची नक्षी संगणकावर उतरवायचा. चादरीवर मोर विणायचा तर त्याच्या पिसाऱ्यातला धागान् धागा आधी पडद्यावर चौकोनाचौकोनानं भरावा लागतो. एक चौकोन चुकला की मागावरून उतरणाऱ्या प्रत्येक चादरीत तो मोर तसाच चुकलेला निघतो. त्यामुळं ताबीश डोळे बारीक करून, हनुवटी पुढं काढून, जवळजवळ पडद्यात डोकं घालूनच बसायचा. उरलेलं काम घरी, दिवाणावर मांडी घालून आणि उशीवर लॅपटॉप ठेवून. ते संपलं की विरंगुळा म्हणून मोबाईल, तोही मांडीतच. वय छत्तीस, पण मागून बघणाऱ्याला वाटावं, कुणी म्हातारा आडात पडलेली घागर शोधतोय.

त्याचे वडील शेखलाल कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त होऊन मुलाकडं राहायला आले होते. "आम्ही जन्मभर लोखंड उचललं, आमची मान कधी दुखली नाही. तुम्ही नुसती बोटं हलवता आणि तुमची मान दुखते," असं ते जेवताना हमखास म्हणायचे. बायको शबाना गरम पाण्याची पिशवी द्यायची, बाम चोळायची आणि मधूनमधून उठत जा म्हणून सांगायची. ताबीश "हां हां" म्हणायचा आणि उठायचा नाही.

त्याला खरा आराम पडायचा तो निंगप्पाच्या दुकानात.

निंगप्पा मूळचा दुधनीचा. घरात कन्नड, दुकानात मराठी. ताबीशपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असला तरी गिऱ्हाईक म्हणून त्याला 'भाई, तुमी' म्हणायचा. ताबीश मात्र त्याला अरेतुरे करायचा, इतकी जुनी ओळख. कटिंग झाली की निंगप्पा डोक्यावर तेल थापायचा, खांदे रगडायचा. मग एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्यामागं धरून म्हणायचा, "ढिल्लं सोडा." मान झटक्यानं एका अंगाला जायची आणि आत कट्ट वाजायचं. मग दुसऱ्या अंगाला. त्यानंतर कानापासून खांद्यापर्यंत जे मोकळं वाटायचं, त्याला तोड नव्हती. ताबीश हवेत तरंगत घरी यायचा. सकाळी उठला की मानेची शीर पुन्हा ताणलेल्या दोरीसारखी उभी. आधी तो केस कापायला गेला की मान मोडून घ्यायचा. पुढं पुढं केस वाढले नसले तरी नुसती मान मोडून घ्यायला जायला लागला. "तंबाखूसारखी चटक लागलीय तुम्हाला," शबाना म्हणायची.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तो असाच गेला. कुठल्या तरी परदेशी हॉटेलच्या टॉवेलांची घाईची ऑर्डर होती आणि आठवडाभर तो खुर्चीतून हलला नव्हता. मान इतकी आखडली होती की शर्ट डोक्यातून काढता येईना.

"या भाई. केस का मान?"

"मानच. केस ऱ्हाऊ दे आज."

निंगप्पानं खांदे रगडले, मान डावीकडं फिरवली. कट्ट. उजवीकडं फिरवली, पण काही वाजलं नाही. त्यानं पुन्हा एकदा बघितलं आणि हात काढून घेतला.

"हिकडची न्हाय येत भाई. लई आकडलीय. दोन दिस शेक घ्या, मग बघू."

"येती की. जोर लाव की, निंगप्पा. भाकरी खाल्ली न्हाईस का सकाळी?"

बाकावर बसलेली माणसं हसली. निंगप्पाही हसला. त्यानं पाय नीट रोवले, हनुवटी तळव्यात घट्ट धरली आणि मान फिरवली.

आवाज नेहमीसारखाच आला. त्याच्यामागून उजव्या कानामागं एक कळ आली, ती मात्र नवीन होती. तापलेली सुई आत शिरावी तशी. ताबीशच्या तोंडून "अम्मा" निघालं.

"काय झालं?"

"काय न्हाई. सुटली वाटतं."

तो उठला, आरशात मान हलवून बघितली आणि चालत घरी आला. वाटेत कानामागं ठसठसत होतं. इतक्या दिवसांची आखडलेली शीर सुटली तर एवढं व्हायचंच, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

मानेला बरं वाटतं म्हणून तो भर उन्हाळ्यातही कढत पाण्यानं आंघोळ करायचा. मोरीत बसला आणि पहिला तांब्या डाव्या खांद्यावर ओतला. पाणी कोमट लागलं. कोमटही नाही, नुसतं ओलं. गिझर बंद पडला की काय म्हणून त्यानं उजवा हात बादलीत घातला आणि चटका बसून झटकन बाहेर काढला. मग डावा हात घातला. काही नाही. हात लाल व्हायला लागला तरी काही नाही. पाणी एकच, बादली एकच, आणि त्याच्या अंगाचे मात्र मधोमध दोन भाग झाले होते. तो आपल्या डाव्या हाताकडं बघतच राहिला. मेलेल्या माणसाचा हात असा असेल का? पण बोटं तर हलत होती.

त्यानं तोंडावर पाणी मारलं. गालाचं उलटं होतं. डाव्या गालाला गरम लागलं आणि उजव्याला काहीच लागलं नाही.

तेवढ्यात समोरची भिंत सावकाश आडवी व्हायला लागली. ताबीशनं नळ धरला, पण नळही भिंतीबरोबर चालला होता. तो खाली बसला आणि भडभडून ओकला.

दाराबाहेरून शबानाचा आवाज आला. "क्या हुआ जी?"

"कुछ नई," तो म्हणाला आणि दचकला. हा आवाज त्याचा नव्हता. कुणीतरी घोगऱ्या, फाटक्या गळ्याचा माणूस त्याच्या तोंडातून बोलत होता.

शबानानं आणि शेखलालनी त्याला लुंगी गुंडाळून बाहेर आणलं. त्याला उचकी लागली होती आणि ती थांबत नव्हती. चालताना तो सारखा उजवीकडं कलत होता, कुणी दोर बांधून ओढत असल्यासारखा. शेखलाल म्हणाले, "पित्त चढलंय. उपाशीपोटी उन्हात फिरतो. लिंबूपाणी दे त्याला."

शबानानं पेला तोंडाला लावला. ताबीशनं घोट घेतला, गिळला असं त्याला वाटलं, आणि सगळं पाणी नाकातून बाहेर आलं. छातीत ठसका अडकून जीव घाबरला. डोळे पुसून त्यानं वर बघितलं तर शबाना पेला तसाच हातात धरून त्याच्या तोंडाकडं बघत होती. तिचा रंग उतरला होता.

"तुमचा डोळा," ती म्हणाली. "अजी, तुमचा डोळा असा का झाला?"

कपाटाच्या आरशात त्याला एक ओळखीचा माणूस दिसला, पण तो माणूस तो नव्हता. उजवी पापणी अर्धी खाली आली होती. डावा डोळा टक्क उघडा होता.

"दोन मिनिटं पडू दे त्याला, बरं वाटेल," शेखलाल म्हणाले.

"अब्बा, पाणी नाकातून आलं त्यांच्या," शबाना म्हणाली. सासऱ्यांपुढं तिनं आवाज चढवल्याचं ताबीशनं पहिल्यांदा ऐकलं. "पित्तानं पाणी नाकातून येत नाही." ती तोवर भावाला फोन लावत होती. तिचा भाऊ सोहेब दोन गल्ल्या पलीकडं राहायचा, रिक्षा चालवायचा. तो बनियनवरच रिक्षा घेऊन आला.

दवाखान्यात आधी साखर बघितली, बीपी बघितलं. चक्कर आहे, कानाचा दोष असेल, असं कुणीतरी म्हणालं आणि सुई द्यायची तयारी झाली. तेवढ्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी त्याच्या पापणीकडं बघितलं, आवाज ऐकला आणि पायाकडून पिनेनं टोचत वर आल्या.

"टोचतंय?"

"न्हाई."

"इथं?"

"न्हाई. नुसतं... हात लावल्यासारखं."

उजव्या पायाला टोचल्यावर तो कळवळला. बाई थांबल्या. "एक-दोन दिवसांत मानेला काही झालं का? पडलात? गाडीला झटका बसला?"

ताबीशला उचक्यांमधून बोलावं लागत होतं. "मान... मोडली."

"कुणी मोडली?"

"सलूनमधे. मीच... मोडून घेतली."

बाईंच्या हातातली पिन तशीच राहिली. मग त्या आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यांची मान कुणी हलवायची नाही. एमआरआयला सांगा, लगेच."

त्या आवाजानं ताबीशला पहिल्यांदा मरणाची भीती वाटली.

संध्याकाळी त्या शबाना आणि शेखलालना घेऊन त्याच्या खाटेपाशी आल्या. मानेतून मेंदूकडं रक्त नेणाऱ्या दोन नळ्या पाठीमागच्या हाडांमधून जातात, त्यांनी सांगितलं. झटक्यानं उजव्या नळीचं आतलं अस्तर फाटलं. तिथं रक्ताची गुठळी झाली आणि मेंदूच्या मागच्या एका छोट्या भागाचं रक्त तुटलं. गिळणं, आवाज, तोल, गरम-थंड कळणं, हे सगळं त्या भागाकडं असतं.

"म्हणजे काय झालं?" शेखलालनी विचारलं.

"लकवाच म्हणायचा. हात-पाय गेलेले नाहीत, वेळेवर आणलंत. पण लकवाच."

शेखलाल डॉक्टरीणबाईंकडं बघत राहिले. वर्कशॉपमध्ये त्यांनी माणसांची बोटं तुटलेली बघितली होती, पाय चिरडलेले बघितले होते. "हजामाकडं गेलेल्या माणसाला लकवा?" ते म्हणाले. "मान तर मी पण मोडून घेतली आहे, बाई. सगळी दुनिया घेते."

"घेते. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याला होतं. कुणाला, ते आधी कळत नाही."

ताबीश छताकडं बघत पडून होता. ऐकलेलं त्याच्या मनात शिरतच नव्हतं. सकाळी तो स्वतःच्या पायांनी चालत गेला होता, लोक हसत होते, पंखा फिरत होता. एवढ्याशा झटक्यात माणसाचं अर्धं अंग परकं होतं? मग रोज इतकी माणसं कशाच्या भरवशावर उठतात, फिरतात, मान वळवून मागं बघतात?

पुढचे दिवस त्यानं नाकातल्या नळीवर काढले. थुंकीसुद्धा गिळता येत नव्हती, ती सारखी कापडात टिपावी लागायची. उचकी जेवणाच्या वेळी थांबायची नाही, झोपेतही थांबायची नाही. शेजारच्या खाटेवरचा माणूस शेंगाचटणी लावून भाकरी खायला लागला की ताबीश भिंतीकडं तोंड करायचा. नर्स पंखा लावायची तेव्हा उजव्या अंगाला गार वाटायचं आणि डाव्या अंगाला नुसती हवा हलल्याचं कळायचं. याची सवय होईल असं सगळे म्हणायचे. त्याला ते ऐकूनच धस्स व्हायचं.

सोहेबच्या डोक्यात मात्र आग होती. "दुकानच फोडतो त्याचं. नाहीतर सरळ पोलिसात," असं तो रोज म्हणायचा. शेखलाल त्याला आवरत नव्हते. त्यांनाही कुणीतरी हवं होतं, ज्याच्यावर हे सगळं घालता येईल.

निंगप्पाला बातमी उशिरा कळली. गल्लीतल्या कुणी तरी दाढी करताना सांगितलं, ताबीशभाईला लकवा झाला, तुझ्या दुकानातनं गेल्यावर. त्यानं त्या माणसाची दाढी अर्धी ठेवून दुकान बंद केलं आणि दवाखान्यात आला. वॉर्डाच्या दारातच शेखलाल उभे होते.

"आला?" ते म्हणाले. "बघायला आला, काय करून ठेवलंस ते?"

निंगप्पाची नजर त्यांच्या खांद्यावरून आत गेली. नाकात नळी, एक डोळा अर्धा मिटलेला, छाती उचकीनं उडतेय. निंगप्पा दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. "येन माडिदे नान," तो कन्नडमधून पुटपुटला. काय केलं मी. मग तेच पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा.

सोहेब बाह्या सारून पुढं झाला, तेव्हा ताबीशनं खाटेच्या कठड्यावर हात आपटला. सगळे वळले. त्यानं बोलायचा प्रयत्न केला. आवाजाऐवजी नुसती हवा आली. शबानानं कान त्याच्या तोंडाशी नेला.

"काय म्हणतात?" सोहेबनं विचारलं.

शबाना सरळ झाली. तिला ते बोलायचं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "म्हणतात, तो नको म्हणत होता. मीच जोर लाव म्हणालो."

शेखलालनी तोंड फिरवलं.

निंगप्पा बसल्या जागेवरून म्हणाला, "ते म्हणाले, पर हात माजा हुता. गिऱ्हाईक वस्तरा जोरात फिरव म्हणालं तर मी फिरवीन का?" त्यानं आपले दोन्ही तळवे उलटेपालटे करून बघितले. "मला कळायला पायजे हुतं. मला मामानं शिकवलं, मामाला त्याच्या बानं. आवाज आला की मान मोकळी झाली, एवढंच शिकवलं. आत काय हाय ते कुनी सांगितलंच न्हाय." आणि मग एकदम त्याच्या डोळ्यांत वेगळीच भीती आली. "माजा पोरगा मोबाईलवर असतो दिसभर. त्याची मान मी रोज मोडतो. रोज. त्याला काय हुईल आता?"

उत्तर द्यायला तिथं डॉक्टर नव्हते. शबानानंच शेवटी सांगितलं, "आजपासून मोडू नको. काही होणार नाही त्याला." हे ती कशाच्या आधारावर बोलली, तिलाच ठाऊक नव्हतं. सोहेब पाय आपटत बाहेर निघून गेला. पुन्हा त्यानं पोलिसांचं नाव काढलं नाही, पण निंगप्पाशी तो आजतागायत बोलत नाही.

गिळायला शिकायला ताबीशला पावसाळा उजाडला. फिजिओथेरपीच्या प्रियंका मॅडम माढ्याच्या होत्या, बोलायला स्पष्ट. हनुवटी छातीकडं घ्या, आता गिळा, आता खाकरा, असं करत त्यांनी त्याला आधी दाट पेज, मग मऊ भात गिळायला लावला. पहिला घास पोटात गेला तेव्हा ताबीश रडला. मग तोल, मग चालणं. कामावर परत जायचं ठरलं तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही बसता कसे, ते दाखवा बघू."

त्यानं टेबलापाशी बसून दाखवलं. मॅडम बाजूनं बघत होत्या.

"असे दिवसभर?"

"हो."

"डोकं केवढं जड असतं माहिती आहे? ते असं पुढं लोंबत ठेवलं की मागचे स्नायू दिवसभर त्याला धरून बसतात. कळशी छातीशी धरून उभं राहा आणि हात लांब करून धरा, कुठं जास्त दुखेल? तुमची शीर आखडायची ती त्यामुळं. मोडून ती सैल होणार नव्हती."

"मग काय करायला पाहिजे होतं?"

त्यांनी सांगितलं. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणायचा, खाली पुस्तकं ठेवली तरी चालतील. खुर्ची आत ओढून पाठ टेकायची. कोपरांना आधार द्यायचा. मोबाईल मांडीत नाही, तोंडासमोर धरायचा. अर्ध्या तासानं उठून पाणी प्यायला जायचं. खांदे मागं ओढायचे, हनुवटी सरळ मागं न्यायची, हळू, दुखणार नाही इतकीच. दुखलंच तर गरम टॉवेलचा शेक.

ताबीश वाट बघत होता. मॅडम गप्प झाल्या.

"आणखी?"

"आणखी काही नाही. नेमानं करायचं."

"एवढंच?" त्याचा घोगरा आवाज फाटला. "एवढंच होतं?"

बादलीतला हात, नाकातून आलेलं पाणी, एमआरआयच्या बोगद्यातला तो धडधडाट, यातल्या कशानंही बसला नव्हता असा धक्का त्याला त्या क्षणी बसला. पडद्याखाली चार पुस्तकं. उठून पाणी प्यायचं. हे तर शबाना रोज सांगत होती. तो टॉवेलांच्याच कारखान्यात काम करत होता; गरम टॉवेलाला तिथं काय तोटा होता? त्याला हसायला आलं आणि हसता हसता ठसका लागला, तेव्हा मॅडमनी त्याची पाठ थोपटली.

दिवाळीनंतर तो कामावर जायला लागला. कारखान्यातल्या बाकीच्यांनीही पडदे उंच करून घेतले. आधी त्याच्याकडं बघून हसत, मग न हसता. शेखलाल आता लोखंडाचं बोलत नव्हते. ताबीश लॅपटॉप घेऊन दिवाणाकडं निघाला की ते नुसते उठायचे आणि त्याच्यासाठी टेबलापुढची खुर्ची ओढून द्यायचे. मान अजूनही दुखायची, पण कमी. तो उठायचा, खांदे मागं ओढायचा, पुन्हा बसायचा. डाव्या अंगाला गरम-थंड कळायचं नाही ते नाहीच. चहाचा कप तो उजव्याच हातानं उचलायचा.

केस मात्र इतके दिवस शबानाच घरी कापत होती. एका सकाळी तो कुणाला न सांगता निंगप्पाच्या दुकानात गेला. निंगप्पानं त्याला बघितलं, हातातला कंगवा खाली ठेवला, परत उचलला.

"केसच," ताबीश म्हणाला.

"केसच," निंगप्पा म्हणाला.

त्यानं पांढरं कापड गळ्याशी बांधलं, तेव्हा त्याची बोटं मानेला लागू नयेत म्हणून चाललेली धडपड ताबीशला आरशात दिसत होती. निंगप्पानं बरेच दिवस दुकान बंद ठेवलं होतं. उघडल्यापासून तो मान मोडत नव्हता. गिऱ्हाइकं तुटली होती, पण त्यानं तो विषय काढला नाही. अर्धं डोकं झालं होतं, तेवढ्यात गळ्यात हेडफोन अडकवलेला एक तरुण दारात आला.

"मालक, नुसती मान मोडायची. जाम झालीय कॉम्प्युटरवर बसून."

"हितं मोडत न्हाईत."

"का?"

निंगप्पा आरशातल्या ताबीशकडं बघत राहिला. त्याला शब्द सापडेनात.

"ऱ्हाऊ दे, समोर मोडतात," म्हणत तो तरुण रस्ता ओलांडून समोरच्या सलूनमध्ये गेला.

ताबीश उठला. गळ्यात कापड, अर्धे केस कापलेले. तो पायरी उतरला आणि रस्त्यावर आला. घाईनं चाललं की अजून तोल उजवीकडं जायचा. एक मोटारसायकल त्याला चाटून गेली. त्यानं हाक मारली, पण त्याचा आवाज समोरच्या फूटपाथपर्यंतसुद्धा पोचला नाही. समोरच्या काचेतून त्याला दिसत होतं, हनुवटीखाली गेलेला हात, डोक्यामागं गेलेला हात.

त्यानं दार ढकललं आणि आवाज आला. कट्ट.

ताबीशनं दाराची मूठ धरली. तरुणानं मान दुसऱ्या बाजूला दिली. पुन्हा कट्ट. मग तो खुर्चीतून उठला, मान गोल फिरवून बघितली आणि खुशीत म्हणाला, "वा. एकदम मोकळी." त्याला काही झालं नव्हतं. दारात कापड गुंडाळलेला, मूठ घट्ट धरून उभा माणूस बघून तो म्हणाला, "काय काका, बरं वाटत न्हाई का?"

ताबीशनं श्वास जमवला. "मला अशीच मान मोडून घेताना लकवा झाला," तो म्हणाला. "गिळता येत नव्हतं. कितीतरी दिवस नळी होती नाकात."

"मला तर काय झालं न्हाई."

"मलाबी वर्षानुवर्षं काय झालं नव्हतं."

तरुण हसला. मग त्याची नजर ताबीशच्या उजव्या डोळ्यावर गेली, तिथंच थांबली, आणि हसू हळूहळू गेलं. समोरचा सलूनवाला चिडून म्हणाला, "भाई, आमचा धंदा खराब करू नका. जावा बघू."

"कानामागं दुखायला लागलं, चक्कर आली, पाणी नाकातून आलं, तर झोपून राहू नको," ताबीश तरुणाला म्हणाला. "सरळ दवाखान्यात जा. आणि मान मोडली होती म्हणून सांग. आधी तेच सांग."

तरुण बाहेर पडला, रस्त्याकडेला लावलेल्या गाडीला किक मारली आणि गेला. कोपऱ्यावर वळताना त्यानं एक हात हँडलवरून काढून मान चाचपल्यासारखं ताबीशला वाटलं. खरंच चाचपली की हेडफोन सारखा केला, ते इतक्या लांबून कळलं नाही.

निंगप्पा कात्री हातात घेऊनच रस्त्याच्या मध्यापर्यंत आला होता. त्यानं ताबीशच्या दंडाला धरलं आणि गाड्या थांबवत त्याला परत आणलं.

"ऐकलं का त्यानं?"

"कुणास ठाऊक."

"उद्या मीच सांगतो त्याला," निंगप्पा म्हणाला. "हितंच पलीकडं कामाला हाय तो. मला आत्ता सांगता आलं न्हाय, भाई. तोंडच उघडंना."

ताबीश खुर्चीत बसला. निंगप्पानं कापड झटकून पुन्हा बांधलं आणि उरलेले केस कापायला घेतले.